मागच्या डाव्या सीटवरचा प्रवासी

"आता ब्रेक मारा," ढवळे म्हणाले.

मी मारला. लगेच बीप वाजायला लागला आणि मीटरमध्ये एक छोटं लाल माणूस पेटलं. मागची डावी सीट. म्हणजे गाडीच्या मते तिथे कुणीतरी बसलं होतं आणि त्याने बेल्ट लावला नव्हता.

मी आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. मांजरीकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, भर दुपार. बीप जरा वेळ वाजला आणि आपोआप थांबला. कुणीतरी उठून गेल्यासारखा.

"परत मारा," ढवळे म्हणाले. मी परत मारला. तो परत येऊन बसला.

मी हडपसरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. म्हणजे गिऱ्हाईक चिडून बोलतं आणि मी ते जॉबकार्डवर सभ्य भाषेत लिहून घेतो. बावीस वर्षं हेच करतोय. भुतांवर माझा विश्वास नाही, वायरिंगवर आहे. तरीही त्या दिवशी चौथ्या ब्रेकनंतर मी मागे वळून सीटवर हात फिरवला. का फिरवला, ते विचारू नका. सीट गार होती.

ढवळे मूळचे अमरावतीचे, आयटीत नोकरी, मांजरीला फ्लॅट. गाडी त्यांनी नुकतीच सेकंडहँड घेतली होती. वर्कशॉपला परतलो तेव्हा त्यांच्या आई पाच वर्षांच्या नातीला, ओवीला, घेऊन वेटिंग रूममध्ये बसल्या होत्या.

"सापडलं का जी काही?" आजींनी विचारलं.

"बघतोय. सेन्सर असेल."

"सेन्सर नाही बापा. त्या जागेवर कोणी तरी बसते. ब्रेक लागला की बसते."

"मग ओवी कुठे बसते?" मी विचारलं.

"समोर. माझ्या मांडीवर."

मी ढवळ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "बूस्टर आणलाय हो. डिकीत आहे. आई तिथे ठेवू देत नाही. आणि उजवीकडे ठेवला तर ओवी रडते, शेजारी कुणीतरी आहे म्हणते."

बूस्टर म्हणजे लहान मुलांसाठीची उंच बैठक. गाडीचा बेल्ट मोठ्यांच्या मापाचा असतो. पाच वर्षांच्या मुलाला तो नुसता लावला तर खालचा पट्टा मांडीच्या हाडांवर न बसता पोटावर चढतो. मूल उंच बसलं की पट्टा जागेवर येतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मापाची चाइल्ड सीट हवी, असा कायदा आहे. मांडीवर बसवणं त्यात कुठेच बसत नाही. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, म्हातारीच्या मांडीवर मूल. एक धडक झाली असती तर संपलं होतं. ते भूत आजच्या आज सापडायला हवं होतं.

आमचा इलेक्ट्रिशियन इलियासभाई. तो अठरा वर्षं माझ्यासोबत आहे आणि दिवसाला दहा शब्द बोलतो. त्याने मागची बैठक उचकटली. फोमखाली पातळ मॅट असते, वजन पडलं की तिला कळतं. त्या मॅटला पुढच्या काठाशी आडवी घडी पडली होती. ब्रेक लागला की फोम जरासा पुढे सरकायचा, घडी दाबली जायची आणि गाडीला माणूस दिसायचं.

"झालं तर मग," मी म्हणालो. "मॅट बदल."

इलियासभाई उठला नाही. त्याने डावीकडचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि माझ्या हातात दिला. पट्टा एका ठिकाणी चकाकत होता, इस्त्री जास्त फिरलेल्या कापडासारखा. बक्कलच्या पट्टीवर ओरखडे होते.

"लोड आलाय," तो म्हणाला.

याचा अर्थ एकच. कधीतरी जोराची धडक झाली होती आणि तेव्हा या बेल्टमध्ये कुणीतरी होतं. हलकं कुणीतरी, जे पट्ट्याखालून घसरून बैठकीच्या काठावर आदळलं आणि मॅट दुमडली. मोठ्या बेल्टमध्ये लहान मूल असंच घसरतं. असा एकदा ताणलेला बेल्ट पुन्हा वापरायचा नसतो. ओवीला हाच बेल्ट लागणार होता.

मी चासी नंबर टाकून गाडीचा जुना इतिहास उघडला. तीन वर्षांपूर्वीची अ‍ॅक्सिडेंट रिपेअर. काम आमच्याकडेच झालेलं. पुढचे बेल्ट आणि एअरबॅगा बदलल्या. मागच्या बाजूची तपासणी : लागू नाही. गाडीतील व्यक्ती : चालक एकटा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर : सावंत.

सावंत म्हणजे मी.

मग आठवलं. निमकर नावाचे गृहस्थ. टेबलासमोर बसले होते. म्हणाले, "मुलगा मागे होता. ठीक आहे तसा. पण चाइल्ड सीट नव्हती हो, नुसता बेल्ट लावला होता. विम्याचा क्लेम अडकेल का?" बाहेर सहा गिऱ्हाइकं थांबली होती. मी म्हणालो, "कशाला कटकट? एकटाच होतो लिहा." क्लेमचा फॉर्म आणि पेन मीच पुढे केलं. कायद्यात 'बेल्ट किंवा चाइल्ड सीट' असं आहे, हे मी पुढे कधीतरी वाचलं. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. मागे कुणी नव्हतंच म्हटल्यावर मागचे बेल्ट कोण कशाला तपासतंय?

मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"हे अजून कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"मला आणि इलियासला."

"मग मॅट बदला, बेल्ट बदला, गाडी द्या. इतिहास कशाला उगाळताय?"

सल्ला माझ्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी तो मीच दिला होता.

बाहेर येऊन निमकरांना फोन लावला. का लावला? ते मूल धड आहे हे मला ऐकायचं होतं, बाकी काही नाही.

"गाडी मी विकली, सावंत," ते म्हणाले.

"गाडीचं नाही. त्या दिवशी चिरंजीव मागे होते. कसे आहेत?"

"आज विचारताय होय? बरं. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठे आपटला का? मी म्हटलं, घसरगुंडीवरून पडला."

"असं का सांगितलंत?"

"फॉर्मवर आपण 'एकटाच' लिहिलं होतं ना? हॉस्पिटलात अपघात म्हटलं की पोलिसांत नोंद. दोन कागद जुळले नसते. दीड दिवस ते भलतंच शोधत बसले. बेल्टने आतडं फाटलं होतं."

"मग?" मी विचारलं.

"वाचला," निमकर म्हणाले. "तिसरीत आहे आता. गाडीत बसला की बेल्ट दोन्ही हातांनी पोटापासून लांब धरतो. सोड म्हटलं तरी सोडत नाही. ठेवू का?"

मी वेटिंग रूममध्ये गेलो आणि ढवळ्यांना सगळं सांगितलं. फॉर्मचंही सांगितलं, माझ्या पेनाचंही. ते आधी पांढरे पडले, मग लाल झाले. मग पुणेकराला शोभेल इतक्या शांतपणे म्हणाले, "म्हणजे ते भूत तुमच्याच वर्कशॉपचं." मी हो म्हणालो. त्यांनी लेखी तक्रार केली, ती बरोबरच होती. मला मेमो मिळाला, मी तो सही करून घेतला.

आजींचा राग वेगळाच होता. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मी म्हणत नव्हती, पोरगं बसते म्हणून? तुम्ही लोकांनी त्याला पुसून टाकलं होतं." सेन्सर, मॅट, घडी असं सगळं समजावण्याची सवय आहे मला. त्या दिवशी काही समजावलं नाही.

मॅट आणि तिन्ही मागचे बेल्ट नवे बसवले. बूस्टर डाव्या सीटवर ठेवला. आजींनी आधी स्वतः सीटवर हात फिरवून पाहिला, मगच ओवीला बसू दिलं. पट्टा मांडीवर आणि खांद्यावर नीट बसला. मी दहा वेळा ब्रेक मारले. बीप वाजला नाही.

अपघाताच्या गाड्या अजून येतात. गाडीत कोण होतं, हे मी विचारतो. निम्मे लोक माझ्याकडे न बघता म्हणतात, एकटाच होतो. मी तसं लिहितो. मग उठून गाडीपाशी जातो आणि मागचे सगळे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो.