खळ्यावर आपटलेलं विमानाचं चाक

जोयड्यात टायरच्या दुकानापाशी रबराचा वास आला आणि मला आमच्या गुंद गावचं खळं आठवलं बघा. माझी लेक शोभा मैत्रिणींसोबत एकट्यानं बसून उडवायचं छोटं विमान बनवत होती. उतरतानाचा धक्का सोसायला पुढच्या चाकाला स्प्रिंग लावायची की रबराच्या चकत्या, यावर त्यांचं भांडण चाललेलं. मग चाकावर भाताचं पोतं बांधून खळ्यावर उंचावरून सोडलं. स्प्रिंगचं चाक बेडकासारखं उडालं! रबराचं दबलं आणि गप बसलं.

“पोतं फुटलं न्हाई गं!” मी नाचायचीच बाकी होते.

“अगं आई, पोतं न्हाई, चाक बघ!”

पोत्याच्या जागी पोरगी बसणार हाय, हे शोभा विमानात बसून पहिल्यांदा उडाली तवाच ध्यानात आलं. विमान उतरलं, पुढचं चाक टेकलं, रबर जरासं दबलं, आणि मग कुठं मी श्वास सोडला.