कोरड्या नदीची तब्येत

दुष्काळानंतरची ती वर्षं. जालन्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. आमचे जोंधळे सर दर उन्हाळ्यात नद्यांची तब्येत तपासायला निघायचे. कुठं मासे तगलेत, दगडाखाली किडे आहेत का, पाणी कसलं आहे. सोबत मी आणि जीपवाले गफूरभाई. पाणी मिळो न मिळो, किस्सा हमखास मिळायचा!

* * *

केदारखेड्याला पूर्णेत नुसती वाळू. सर गमबूट घालून, जाळं खांद्यावर टाकून उभे. एक म्हातारी वाळूत झिरा उकरून वाटीनं घागर भरत होती.

"काय धुंडून राह्यले, बापू?"

"मावशी, नदी कशी आहे ते बघतोय."

तिनं गमबुटांकडं पाहिलं. "मंग नदी आल्यावर या की!"

* * *

सरांच्या नावामागं 'डॉक्टर' होतं. गफूरभाईंनी एका गावात ते मोठ्यानं सांगून टाकलं. नदीवरून परतलो तर जीपपुढं ही रांग! कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला.

"अहो, मी किड्यांचा डॉक्टर!" सर कळवळून म्हणाले.

पहिला गडी खूश. "बराबर! माझ्या दाढंत कीडच हाय!" आणि त्यानं आ वासला.

* * *

धावड्याकडच्या डोहात मात्र सरांना लॉटरी लागली. बादलीभर मासे, नाना जातींचे! बादली जीपपाशी ठेवून आम्ही वरच्या अंगाला गेलो. परत आलो तर तीन दगडांची चूल आणि खमंग वास.

"गफूरभाई! माझे मासे?"

"फिकर नको साहेब. खाऊन तपासले. डोह बिलकुल तंदुरुस्त!"

सर चुलीपाशी उकिडवे बसले. मग हळूच म्हणाले, "लिंबू आहे का?"

* * *

पण खरा किस्सा कुंभार पिंपळगावजवळच्या खेड्यातला. उन्हाळ्यात तिथं एकच डोह उरलेला. गावचे पाटील त्यावर इंजिन बसवून सगळं पाणी उसाला ओढणार होते. सर गयावया करत होते, "पाटील, पावसापर्यंत नदीचा जीव या डोहावरच आहे!"

"नदी कव्हाच मेली साहेब. ह्या कोरड्या मातीत कसला आलाय जीव?"

सर चिडले. कोरड्या पात्रातली मूठभर माती काचेच्या बीकरमध्ये टाकली, वर पाणी ओतलं आणि बीकर पाटलांच्या ओसरीवर ठेवला. "दोन-तीन दिवस थांबा. काहीच हललं नाही, तर खुशाल इंजिन लावा."

आम्ही गावच्या शाळेतच मुक्काम ठोकला. मला तर धाकधूकच होती. काहीच निघालं नाही तर डोह गेला!

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी बीकर उजेडात धरला. पाण्यात मोहरीहून बारीक जीव सुळसुळत होते; कोरड्या मातीत निजलेली अंडी फुटली होती. पाटील बघतच राहिले. मग इंजिन घेऊन दारात आलेल्या गड्याकडं वळून ओरडले, "परत ने ते! जल्दी!"

सर आनंदानं नमुना घ्यायला पुढं झाले. पाटलांनी बीकर छातीशी धरला.

"कुठं नेता? हे आमच्या गावचे हायेत!"

आणि एक थेंब सांडू न देता, अनवाणीच, ते डोहाकडं चालू लागले. मागून सर ओरडतायत, "अहो पाटील, बीकर कॉलेजचा आहे!"