आज हिमरूवर वेलबुट्टी उमटली नाही

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागेना, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या संग्रहालयात दरवर्षी मी आपल्या शहरातल्या कलाकारांचं प्रात्यक्षिक ठेवते. आज हिमरू शाली विणणारे युसूफचाचा होते. दर वेळी सोबत त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या भाभी, यायच्या. चाचा मागावर बसायचे आणि भाभी बाजूला उभ्या राहून नक्षीचे दोरे ओढायच्या. ते दोरे ओढल्याशिवाय वेलबुट्टी उमटतच नाही.

भाभी उन्हाळ्यात गेल्या. परवा फोनवर चाचा म्हणाले, "अब अकेला कैसा आऊं, मॅडम?" मी आपलं म्हटलं, "चाचा, कलाकार तर तुम्ही आहात ना! या, तेवढाच जीव रमेल."

आले बिचारे, इस्त्रीचा कुर्ता घालून. हॉल भरलेला. आडवा धागा टाकायचा धोटा हातात घेतला आणि सवयीनं म्हणाले, "हां, खींचो."

आणि थांबले.

मग मान खाली घालून साधंच कापड विणत राहिले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "चाचा, वेलबुट्टी कधी येणार?"

"नक्षी तो उसकी थी, बेटा. मैं तो सिर्फ कपडा बुनता था."

घरी येऊन चाचांच्या प्रात्यक्षिकांची जुनी पोस्टरं काढून बघितली. सगळ्यांवर एकच नाव, चाचांचं. भाभींचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं, आणि आज विचारायला मला तोंड नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी त्यांना कधी नावानं हाक मारली होती का?