शब्दांचा लिलाव

आमच्या शाळेत सातवीचा वर्ग आणि माझा गणिताचा वर्ग यांच्यामध्ये नुसता एक पत्रा आहे. पत्र्यापलीकडे नूतनबाई मराठी शिकवतात. शिकवतात कसल्या, बाजार भरवतात! मी इकडे अपूर्णांकांशी झटतोय आणि तिकडून बाईंचा खणखणीत आवाज, "एक वार, दोन वार..." माझं नशीब, दुसरं काय!

रेवदंड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तसा बाईंच्या वर्गात शब्दांचा. टेबलावर मासळीची पाटी, पाटीत चिठ्ठ्या, चिठ्ठीवर एकेक शब्द. बोली लावायची ती वाक्याची. ज्याचं वाक्य सर्वांत लांब आणि अर्थाचं, त्याचा शब्द. पण शब्द पदरात पाडायचा तर ते वाक्य फळ्यावर लिहून वाचून दाखवायचं. मागे 'भरती' शब्द निघाला, तेव्हा आमिरने बोली लावली, "मामा पोलीस भरतीला गेला तेव्हा समुद्राला ओहोटी होती." मी गणित सोडून हसत बसलो. बाई आतल्या भातशेतीच्या गावच्या. लिलाव पुकारायला शिकायचं म्हणून कित्येक सकाळी बंदरावर जाऊन उभ्या राहिल्या. अशा बाईला काय बोलणार, कप्पाळ?

हर्षाली मात्र कधी बोली लावत नसे. पाचवीत तिने 'होडी' न लिहिता 'होरी' लिहिलं होतं, कोळीवाड्यात बोलतात तसंच. पोरं फिदीफिदी हसली आणि तिने लिहिणंच टाकलं. वाचायला उभी केली तर तोंडाला कुलूप. तिची आई जनी मासळी विकते. ती बाईंना सरळ म्हणाली होती, "लिवत न्हाय, वाचत न्हाय, मंग शालंन कशाला? माझ्यासंगं बाजारान बसंल." आणि त्या दिवशी ती पोरीचा दाखला मागायला आलीच. मुख्याध्यापक बाहेर गेले होते, म्हणून मी तिला सातवीच्या दाराशी नेलं.

आत बाईंनी चिठ्ठी उलगडली. "होरी!"

वर्ग खुसखुसला. बाईंनी डोळे वटारले. "हसायचं काम नाही. होडी पुस्तकातली, होरी दर्यातली. दोन्ही ताज्या आहेत. बोला!"

कुणी बोलेना. मग शेवटच्या बाकावर हर्षाली उभी राहिली.

"आमची होरी दर्यान गेली का आय दारान बसते, न बाबा येईपर्यंत जेवत न्हाय."

"एक वार, दोन वार, तीन वार!" तिच्यावर चढी बोली लागलीच नाही. हर्षाली फळ्याशी गेली. खडू मोडला, तिने दुसरा घेतला. अक्षरं वाकडीतिकडी, पण वाक्य पुरं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. इतकी वर्षं खडू झिजवले, पण मुकं झालेलं मूल असं डोळ्यांदेखत लिहितं होताना मी पाहिलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, देवळात उभा असल्यासारखं वाटलं.

जनीने माझी बाही ओढली. "मास्तर, मी जेवत न्हाय ता तिनं लिवलाय?"

"व्हय," मी म्हणालो.

बाईंनी दाराकडे नजर टाकली आणि पाटीत बराच वेळ हात फिरवून एक चिठ्ठी काढली. वस्ताद बाई!

"बाजार!"

पोरांचे हात वर जायच्या आत जनी ओरडली, बंदरावर ओरडते तशी. "माजी पोर बाजारान न्हाय बसनार, शालंनच जानार!"

बाईंनी तीन वार पुकारले. शब्द जनीचा झाला. पण नियम तो नियम. बाईंनी खडू पुढे केला.

जनी मागे सरकली. "मना कुटं येतं लिवाला?"

हर्षालीने तो खडू घेऊन आईच्या बोटांत धरवला आणि वरून आपला हात ठेवला.

"आय, पयला म," ती म्हणाली. "मंग काना."