तीनशे ग्रॅम चांदी

भूमव्वा,

हे पत्र तुझी सून सौम्या तुला वाचून दाखवेल. तिला सांग, तेलुगूत सांगताना मला गोड करायचं नाही.

परवा माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि संस्थेच्या अध्यक्षांचं पाऊण तासाचं भाषण. आपल्या घरांच्या ओळीत आता एकही मूल लाल रंगात नाही, याचं श्रेय त्यांनी माझ्या शास्त्रीय दृष्टीला दिलं. कॉलेजात एकतीस वर्षं पोषण शिकवलेली बाई, निवृत्त होऊन बिडी कामगारांच्या वस्तीत काटा घेऊन आली, वगैरे. खरं काय ते मी तिथंच उठून सांगायला हवं होतं. पण माईक बंद पडला आणि लोक चहाकडे वळले. म्हणून आता लिहिते. एक प्रत अध्यक्षांनाही जाणार आहे, तेव्हा तुला माहीत असलेलंच पुन्हा आलं तर कंटाळू नकोस.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अंगणवाडीच्या दारात काटा टांगायचा, झोळीत मूल घालायचं आणि तक्त्यावर ठिपका मांडायचा. हिरवा, पिवळा, लाल. श्यामलाची अखिला चौदा महिन्यांची होती. ओळीने चार महिने मी तिला पिवळ्यात मांडत होते आणि श्यामलाला तेच ते सांगत होते, थोडं थोडं, पण सारखं भरव. ती मान हलवायची आणि हात चालवत राहायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू. रोजच्या हजार बिड्या कारखान्यात पोचल्या नाहीत तर कामाचं कार्ड जातं. अखिला बाजूला फरशीवर, सासू नर्सुबाईनं चहात बुडवून दिलेली खारी चोखत.

तू शेजारच्या ओट्यावर तुझ्या बिड्या वळत असायचीस. त्या मंगळवारी मात्र सूप बाजूला ठेवून उठलीस, पोरीला झोळीतून काढून मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, "बाई, ही काट्यात जड हाय, मांडीत हलकी. असं कसं ओ?"

मांडी हे वजनाचं साधन नाही, असं मी तुला ऐकवलं. अक्षरशः या शब्दांत. तू पोरीचं झबलं वर केलंस. कमरेला बोटभर जाड चांदीची साखळी, तिला ताईत, हातात कडे, पायात वाळे.

"तुमचा काटा लई इमानदार. चांदीचं बी वजन सांगतो. पण चांदी दूध पिते का, बाई?"

चार महिने! अशी चूक करणाऱ्या मुलीला मी प्रात्यक्षिकात नापास केलं असतं. मग त्यावर मी दुसरा मूर्खपणा केला. काढा ते सगळं, म्हणून हुकूम सोडला. नर्सुबाई भडकली. पोरीची कंबर मोकळी ठेवली तर दृष्ट लागते, तुमच्या पुस्तकात नसेल ते, म्हणाली, आणि नात उचलून चालती झाली. तिच्या पाठीवर मी 'अडाणी' हा शब्द फेकला. सगळ्या ओळीनं तो ऐकला.

तू मला एवढंच म्हणालीस, "आता जावा घरी. तुमचं तोंड बघून ती दार उघडणार नाही."

संध्याकाळी काळा दोरा घेऊन तू तिच्या घरी गेलीस. आधी दोरा पोरीच्या कमरेला बांधलास आणि मग साखळी सोडलीस. कंबर कुठं मोकळी पडली, दाखव की, असं नर्सुबाईलाच विचारलंस. ठरलं असं, की पोरगी हिरव्यात येईपर्यंत चांदी तुझ्या पत्र्याच्या डब्यात राहील. तरी नर्सुबाईनं दारात उभं राहून सगळ्यांदेखत तुला चोर म्हटलंच. चांदी कमी भरली तर बोटं तोडीन म्हणाली.

"तोड की. मग तुझ्या सुनेला मदतीला कोण बसणार, तू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन केलं. सहा किलो आठशेची अखिला साडेसहा भरली. तक्त्यावर ठिपका लाल पट्ट्यात गेला. तिथून तिला थेट दवाखान्यात नेलं. आजार नाही, भूक आहे, पण दिवसातून सहा वेळा पोटात अन्न पडायला हवं, नाहीतर पुढचा ताप हिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

परत येताना श्यामला तुझ्या ओट्यासमोर रस्त्यातच थांबली. "मांडी एकच हाय, बाई. सूप ठेवू का पोरगी?"

तू ओट्यावर गेलीस, तुझं सूप रिकामं केलंस आणि उलटं करून भिंतीला टेकवलंस. पोरगी द्या इकडं, म्हणालीस. आणि तुझ्या हजार बिड्या? तुझं कार्ड? शंभर मी वळीन, असं श्यामला म्हणाली. पलीकडची म्हणाली, माझा पण भरवतेस का, मग माझ्या शंभर धर. आठवड्यात दहा घरं झाली. दहा पोरं तुझ्या ओट्यावर आणि तुझ्या हजार बिड्या दहा सुपांत. अध्यक्ष याला मॅडमची योजना म्हणाले. मॅडम त्या वेळी रस्त्यात आ वासून उभी होती.

भांडलो मात्र भरपूर. तू भातावर चारू ओतायचीस. ते चिंचेचं पाणी आहे, त्यानं मांस चढत नाही, असं मी सांगायचे. तू त्यात मूठभर शेंगांचा कूट नि चमचाभर तेल घालून वाडगा माझ्या नाकाशी धरायचीस. आता चढेल का विचारा तुमच्या पुस्तकाला! अखिला चार दिवस दात आवळून बसली. तू एकदाही तिचं तोंड उघडलं नाहीस. घास तिच्या ओठांपर्यंत न्यायचा, "नको? बरं," म्हणायचं आणि शेजारच्याला द्यायचा. पाचव्या दिवशी घास शेजारच्याकडे वळायच्या आत तिनं तुझं बोट चावलं. ते दातांचे वळ तू दोन दिवस ओळीत दाखवत फिरलीस.

सहाव्या आठवड्यात ताप आलाच. नर्सुबाई तुझ्या दारात येऊन बसली. चांदी काढली म्हणून ताप आला, आत्ताच्या आत्ता दे, म्हणाली. खरं सांगते, मीही घाबरले होते. तुला बाजूला घेऊन म्हटलं, देऊन टाक गं, भांडण नको.

"दिली तर पुढच्या मंगळवारी तुम्ही परत चांदीच मोजाल," तू म्हणालीस. मग नर्सुबाईला आत घेतलंस, पोरगी तिच्याच मांडीवर दिलीस आणि वाटी-चमचा तिच्या हातात. डॉक्टरांचं औषध चालू होतंच. तीन दिवस ती म्हातारी चमच्या-चमच्यानं पेज पाजत बसली. मध्येच तुला शिव्या द्यायची आणि पुन्हा चमचा भरायची. चौथ्या सकाळी ताप उतरला, आणि पोरीनं स्वतःहून वाटी ओढली.

हिरव्यात यायला तिला दहा महिने लागले. बतुकम्माच्या सणाचा आठवडा होता, नवा परकर होता. सगळी ओळ जमली. तू डबा उघडलास, साखळी चिंचेनं घासून लखलखीत केली होतीस. पोरीच्या कमरेभोवती फिरवलीस आणि टोकं जुळेनात. चार बोटं कमी.

नर्सुबाई म्हणाली, "चोरटे, साखळी आखूड केलीस ना?" आणि तुझ्या गळ्यात पडून रडायला लागली. इतकं तोंड वाजवणारी बाई, तिचं नाक मला पुसावं लागलं.

सराफ बाजारात जाऊन चार बोटं कड्या वाढवून आणायच्या, असं ठरलं. तू जाणार, आणि तुझ्यावर लक्ष ठेवायला मी, ही नर्सुबाईची अट. गुरुवार ठरला. गुरुवारी मला मीटिंग लागली. पुढच्या गुरुवारी प्रशिक्षण. तिसऱ्या गुरुवारी तू स्टेशनवर होतीस. सौम्याचे दिवस भरत आले होते, तुझा मुलगा भिवंडीहून तुला न्यायला आला होता. डबा तू माझ्या हातात दिलास. आल्यावर जाऊ, म्हणालीस.

ओट्यावर आता श्यामला बसते, तिच्या बिड्या बाकीच्या वळतात. नर्सुबाई दर मंगळवारी साखळीचं विचारते. तुम्ही एकट्याच जा ना, बाई, असंही मला म्हणाली एकदा, आता विश्वास बसलाय म्हणे. मी गेले नाही, जायचं ते दोघींनी असं ठरलंय. डबा माझ्या कपाटात आहे.

काल अखिलाच्या कमरेला साखळीच्या मापाचा दोरा लावून पाहिला. आता पाच बोटं लागतील.