कोनची चिंच आणि माझी अधिकृत छाती

झाडं मोजायला गेलं की झाडं राहतात बाजूला, किस्सेच जमत जातात. आमच्याकडे इतके जमलेत की आता कुठला खरा आणि कुठला सांगून सांगून वाढलेला, हे माझं मलाच कळत नाही.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. भिवंडीत आमच्या शाळेत पाध्ये सर विज्ञान शिकवायचे, मी तिथला क्लार्क. लूमवाले मुनाफभाई आमचे दोस्त. त्यांच्या कोन गावच्या जागेत एक अवाढव्य चिंच होती आणि नेमकी तिथेच त्यांना नवीन शेड टाकायची होती. सरांचा त्या चिंचेवर भारी जीव. रोज विनवण्या! शेवटी मुनाफभाई वैतागले.

"सर, तालुक्यात हिच्यापेक्षा जाड खोड नसलं तर चिंच राहील. सापडलं, तर कुऱ्हाड. बोला, मंजूर?"

सर मंजूर म्हणाले! शुक्रवारी लूम बंद असायचे; शाळा सुटली की आम्ही मुनाफभाईंच्या टेम्पोतून झाडं शोधत फिरायचो. मोठं झाड दिसलं की आनंद मानायचा की दुःख, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

*

खोड छातीच्या उंचीवर मोजायचं, असा सरांचा नियम. टेप धरायला मुनाफभाईंच्या लूमवरचा रफिक, कापड चेक करून खराब भाग, म्हणजे डॅमेज, मापातून कापणारा. सर ताडमाड, रफिक बुटका. पहिली चिंचच मोजली, तर एकाच झाडाची दोन मापं, हातभर फरकाची!

"छाती कोणाची धरायची?" मी विचारलं.

दोघंही आपापल्या छातीवर हात ठेवून उभे! शेवटी मधली म्हणून माझी ठरली. आयुष्यात माझं काहीतरी अधिकृत झालं, ते एवढंच.

*

शेलारला एक वड सापडला. अर्धं मैदान व्यापलेलं! मुनाफभाई टेम्पोतूनच ओरडले, "जाड हाय! जाड हाय!" सरांचा चेहरा पडला.

पण टेप गुंडाळायची कशाभोवती? जिकडे बघावं तिकडे खांब. एका म्हाताऱ्याला विचारलं, मूळ खोड कुठलं?

"खोर? त्यो कवाच गेला. ह्या समद्या पारंब्या हायत."

सरांनी मला लिहायला सांगितलं, "झाड आहे, खोड नाही." मी लिहिलं.

*

टेमघरच्या आंब्याला तर सगळ्यांनी डोळ्यांनीच पहिला नंबर दिला. रफिकने टेप लावली आणि आकडा सांगितला. चिंचेपेक्षा चांगला दीड हात कमी!

"असं कसं? नीट बघ," मुनाफभाई म्हणाले.

"बराबर है सेठ. बीच में ढोली है ना, उतना डॅमेज काट दिया."

झाडातही डॅमेज कापतात का, यावर तासभर वाद झाला. सर तत्त्वाचे पक्के, पण त्या दिवशी ते रफिकच्या बाजूने बोलले. मी चाट!

*

मग एका आजीबाईंचा आंबा. टेप बघताच त्या आडव्या आल्या. मोजणीवाले आले म्हणजे झाड तोडणार, ही त्यांची खात्री.

"माजा झार बारीक हाय! काय न्हाय त्याच्यात. जा तुमी!"

"नाही आजी, जाड आहे," मुनाफभाई.

"बारीक!"

सरांनी हात जोडले, झाडाला धक्का लावणार नाही म्हणून शपथ घेतली, तेव्हा कुठे टेप लागली. चिंचेपेक्षा चार बोटं जास्त. आजीबाईंचं झाड वाचलं, आणि आमचं गेलं. परत येताना सर टेम्पोत मी लिहिलेला आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. मला तर रडूच येत होतं.

*

पुढच्या शुक्रवारी कोनला कुऱ्हाडवाले येऊन बसले होते. सर शेवटचं बघायला आले. मुनाफभाई चिंचेभोवती दोन फेऱ्या मारून थांबले.

"तोडायच्या आधी परत एकदा मोजू. हिशेबात चूक नको."

सर पुढे, आकडा वाचायला. मागची बाजू मुनाफभाईंनी स्वतः धरली. "पकडलंय, ओढा!"

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आजीबाईंच्या आंब्यापेक्षा हातभर जास्त! टेप तीच, चिंच तीच, छातीही माझीच.

"रफिक, मागे जाऊन चेक कर," सर म्हणाले.

रफिक मागे गेला. बराच वेळ आला नाही. मग येऊन म्हणाला, "पास!"

कुऱ्हाडवाले चहा पिऊन परत गेले. सर चिंचेला टेकून लहान मुलासारखे रडले. मी रफिकला बाजूला घेतलं.

"खरं सांग, पीछे क्या था?"

"पीछे?" रफिक टेप गुंडाळत म्हणाला, "पीछे मुनाफभाई था."