सुनेच्या नावावर चुकवलेला उजेड

एक कबुली आधीच देऊन टाकते. चार वर्षांपूर्वी मी सुनेचं नाव पुढे करून दवाखान्यातल्या एका खोलीतून रोज पळत होते. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय अजून व्हायचं होतं.

गालाला आतून कॅन्सर झाला होता. वर्गात पोरांना तंबाखूचे तोटे शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत पर्समधल्या डबीतली मिश्री दातांना लावायची, अशी मी गुणाची बाई. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. चेहऱ्यावर प्लास्टिकची घट्ट जाळी बसवायची, ती टेबलाला खटाखट अडकवायची आणि सगळ्यांनी बाहेर निघून जायचं. जड दार लागलं की आत मी एकटी. जाळीखाली ओरडायलासुद्धा तोंड उघडत नसे.

त्याआधी रोज दुसऱ्या खोलीत तोंडाला लाल उजेड द्यायचे, शेकाने तोंड सोलवटू नये म्हणून. काळा चष्मा लावून मी आ करायचा, आणि तिथली मुलगी पेनासारखी दांडी गालात, जिभेखाली थोडा थोडा वेळ धरायची.

"आजी, ह्यानं भाजत न्हाय. गरमबी लागत न्हाय," ती म्हणाली.

खरंच काही लागलं नाही, आणि तिथंच माझं धाबं दणाणलं. शेकही कुठे लागत होता? तरी शेकासाठी बाकावर बसलेल्या बाया सांगत होत्या, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी गिळवत नाही. न लागता जाळणारं एक यंत्र होतंच, त्यात हे दुसरं! जाळीतून सुटका नव्हती. या खोलीला मात्र साधं दार होतं.

सून फाईल द्यायला खिडकीशी गेली की मी त्या मुलीला सांगायची, "आज राहू दे गं. सूनबाईला घाई आहे, नातीची शाळा सुटते." वर एक उसासा. सुनेबद्दल कुरकुरणाऱ्या सासूवर कोण संशय घेतो? मुलगी चुकचुकायची. मग बाहेर येऊन सुनेला म्हणायचं, "झालं बाई."

तिसऱ्या आठवड्यात तोंडभर फोड आले. उशीवर रक्त. डाळीचं पाणी तिखटाच्या रश्शासारखं झोंबायचं. वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी बॅटरीने तोंडात पाहिलं, बॅटरी विझवली आणि पुन्हा लावून पाहिलं. इतकी भीती मला त्या जाळीतही वाटली नव्हती.

"असंच राहिलं तर शेक थांबवावा लागेल," ते शेवटी म्हणाले. "आणि मध्ये खंड पडला तर आजाराला सवड मिळते." मग फाईलमधली त्या मुलीची नोंद वाचून सुनेकडे वळले. "रोज एवढी कसली घाई असते हो तुम्हाला? सासूबाईंना लाईट घ्यायलासुद्धा थांबू देत नाही?"

"मला? घाई?" तिने माझ्याकडे पाहिलं.

मला बोलवत नव्हतं. फाईल ओढली आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं: हिची चूक नाही. मी पळत होते. मला भीती वाटते. आयुष्यभर फळ्यावर सुवाच्य लिहिणारी बाई, पण ती अक्षरं पहिलीतल्या पोराची वाटत होती.

डॉक्टरांनी वाचलं. "आजपासून एकही दिवस चुकवायचा नाही. आठवडाभर बघतो, मग शेकाचं ठरवू."

रिक्षात सोलापुरातली आमची भवानी पेठ येईपर्यंत सून बाहेरच बघत होती. ही आता नवऱ्याला सांगेल, उद्या येणार नाही, शेक थांबेल, मग मी... पुढचं मनातसुद्धा म्हणवेना. दाराशी उतरल्यावर तिने माझा हात धरला. अक्कलकोटची पोर, राग आला की माहेरची बोली निघते.

"आई, नाव माझंच घ्या, समद्या सोलापूरला सांगा सून वाईट हाय म्हणून. पर भ्या वाटलं तर ते मला सांगायचं की, त्या पोरीला उसासे न्हाय दाखवायचे. उद्यापासनं मी त्या खोलीत तुमच्यासमोर बसणार, आन तुमी नुसतं तोंड उघडं ठिवायचं. बोलायचं न्हाय. लई बोललात आजवर."